धूर सोडून बॉम्बला पत्ता सांगणारे वैमानिक

गोव्यात वास्कोला राहणाऱ्यांना दाबोळी विमानतळावरून उडणाऱ्या नौदलाच्या मिग-२९के ह्या लढाऊ जेटचा आवाज काही नवीन नाही. परवा चिखलीला चहा पिताना असाच एक आवाज डोक्यावरून गेला आणि शेजारचा एकजण म्हणाला, आता काय, वरून सगळं दिसतं, पायलटने फक्त बटण दाबायचं. हे ऐकलं की मला राहवत नाही.

साधं गणित करून बघा. जेट ताशी ८०० किलोमीटरने जातंय म्हणजे सेकंदाला साधारण २२० मीटर, तुम्ही "ते बघ झाड" म्हणेपर्यंत झाड मागे गेलेलं असतं. खाली दाट जंगल, त्यात लपलेलं सैन्य आणि तिथूनच शंभर-दोनशे मीटरवर आपलीच माणसं. मग दाखवणार कोण? त्यासाठी एक वेगळा वैमानिक लागायचा, फॉरवर्ड एअर कंट्रोलर, आणि व्हिएतनाम युद्धात तो बऱ्याचदा सेसनाच्या बर्ड डॉग नावाच्या एका इंजिनच्या छोट्या विमानात असायचा. ताशी १६० च्या आसपास, म्हणजे आपल्या हायवेवरच्या गाडीपेक्षा थोडंच जास्त. हळू आणि खाली उडायचं म्हणूनच त्याला पायवाट, चुलीचा धूर, ताजी खणलेली माती दिसायची आणि त्याच कारणाने खालच्या साध्या रायफलवाल्यालाही तो आरामात दिसायचा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. लक्ष्याजवळ मारून धुराची खूण करायला त्याच्या पंखाखाली चार छोटी रॉकेट असायची, त्यात भरलेला असायचा पांढरा फॉस्फरस. ह्याच्या रेणूत चार अणू असतात, त्रिकोणी पायाच्या पिरॅमिडच्या चार टोकांना बसवल्यासारखे, आणि त्यांच्यातला कोन फक्त ६० अंशांचा. फॉस्फरसच्या बंधांना एवढं वाकायला आवडत नाही, म्हणून तो रेणू कायम ताणलेल्या धनुष्यासारखा असतो आणि साधारण ३० अंश तापमानाला हवा लागताच पेटतो, म्हणून तर तो पाण्यात ठेवतात. पेटला की ऑक्सिजन घेऊन त्याचा ऑक्साइड होतो आणि तो ऑक्साइड पाण्यासाठी इतका हपापलेला असतो की हवेतली वाफ ओढून त्याचं फॉस्फरिक आम्ल बनतं. हिशोब असा, १२४ ग्रॅम फॉस्फरस १६० ग्रॅम ऑक्सिजन घेतो, मग १०८ ग्रॅम पाणी, झालं ३९२ ग्रॅम आम्ल, म्हणजे रॉकेटने नेलेल्या मालाच्या तिप्पट धूर आणि त्यातला दोन तृतीयांश माल हवेनेच दिलेला! वर ते आम्ल आणखी पाणी ओढतच राहतं, जुलैत आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच. थेंब फुगतात, प्रकाश सगळीकडे विखुरतात आणि म्हणून तो धूर दुधासारखा पांढरा दिसतो. दमट हवेत तर तो अजून दाट होतो. जळताना उष्णताही खूप निघते त्यामुळे धूर खाली न पसरता खांबासारखा वर चढतो आणि झाडांच्या शेंड्यांच्या वर दिसतो. जंगलात हेच तर हवं.

मग रेडिओवर जेटला सांगायचं, धुरापासून उत्तरेला ५० मीटर. पटकन सांगायचं, कारण वाऱ्याने धूर सरकतो आणि त्याबरोबर पत्ताही. हाच फॉस्फरस माणसाच्या अंगावर पडला तर चिकटून आत जळत जातो, तेही विसरू नये.

जाता जाता एक. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, रात्री दिसणारा उजेड म्हणजे देवचाराची, गावच्या राखणदार भुताची मशाल, असं आमच्याकडे सांगतात आणि शिकलेले लोक म्हणतात तो पांढरा फॉस्फरस. निसर्गात हा सुटा सापडतच नाही, तेव्हा तो उजेड देवचाराचा नाही आणि ह्या फॉस्फरसचाही नाही.

जेटला वरून लक्ष्य दाखवायचं हे काम आपल्याकडेही झालंय. ५ डिसेंबर १९७१ ला, भारत-पाक युद्धात, राजस्थानातल्या लोंगेवालाला मेजर आत्मा सिंग कृषक नावाच्या छोट्या विमानातून जैसलमेरहून आलेल्या हंटर जेटना पाकिस्तानी रणगाडे दाखवत होते. उघडं वाळवंट, लपायला जागा रणगाड्यांना नाही आणि कृषकलाही नाही.

आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या दा लातजवळ असेच एक अमेरिकन कंट्रोलर, कॅप्टन हिलियर्ड विल्बँक्स, यांची रॉकेट संपली, जेट अजून आली नव्हती आणि खाली मित्रसैन्य घेरलं जात होतं. त्यांनी बर्ड डॉगच्या खिडकीतून हातातली रायफल चालवत शत्रूवर तीन फेऱ्या मारल्या, म्हणजे शत्रूच्या गोळ्या खालच्या मित्रसैन्यावर न जाता आपल्यावर येतील. तिसऱ्या फेरीत त्यांना गोळी लागली आणि विमान दोन्ही सैन्यांच्या मधल्या जागेत कोसळलं.