नसरीन मोहम्मदी आणि नुसत्या रेघा: थोडी पार्श्वभूमी

चित्रकार नसरीन मोहम्मदींचं नाव निघालं की हल्ली पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या शोचा विषय येतो. 2016 च्या मार्चमध्ये तिथल्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियमने मेट ब्रॉयर नावाची नवी जागा उघडली आणि पहिल्याच दिवसापासून जी प्रदर्शनं लावली त्यात एक ह्यांचं होतं, म्हणजे कागदावर शाईने आणि पेन्सिलीने काढलेल्या रेघा. पण ही गोष्ट शेवटाकडून सुरू केली की मधलं सगळं राहून जातं, आणि मजा तर मधेच आहे.

जन्म 1937 चा, कराचीचा. त्यामुळे बरेच जण धरूनच चालतात की फाळणीत इकडे आल्या असतील. तसं नाही. घरचे 1944 लाच मुंबईला आले, तेव्हा कराची-मुंबई म्हणजे एकाच देशातली दोन बंदरं, सीमा मागाहून आली. वडिलांचा धंदा बहारीनला, फोटोग्राफीच्या सामानाचा, त्यामुळे तिकडे जाणंयेणं. मग 1954 ते 57 लंडनला सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, परत येणं, 1961 ला मुंबईत गॅलरी 59 मध्ये पहिलं स्वतंत्र प्रदर्शन, त्याच वर्षी फ्रेंच स्कॉलरशिपवर पॅरिस, 63 ला परत. पुढे दिल्ली, आणि 1972 पासून बडोदा. नुसती यादी वाचूनच दमायला होतं.

मुंबईतला मुक्काम भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये होता, हे महत्त्वाचं. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंच्या बंगल्यात चित्रकारांना स्टुडिओ मिळायचे, एकीकडे अल्काझींचं नाटक, दुसरीकडे रविशंकरांची सतार, आणि तिथेच अमूर्त चित्रं काढणारे गायतोंडे. वासुदेव गायतोंडेंचा नसरीनबाईंवर बराच प्रभाव होता असं मानतात आणि सुरुवातीची चित्रं पाहिली की पटतं, कॅनव्हासवर पातळ रंग, झाडासारखं किंवा पाण्यासारखं काहीतरी पुसट पुसट. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. हळूहळू रंग गेला, कॅनव्हास गेला, सत्तरच्या दशकात उरला तो कागद, शाई, ग्राफाइट आणि आर्किटेक्ट लोक वापरतात ती ड्राफ्टिंगची साधनं.

आता हा निर्णय किती वेडेपणाचा होता ते आज कळणार नाही. ड्रॉइंग म्हणजे चित्राची तयारी, कच्चं काम, असाच समज होता (अजूनही किंमत लावताना तैलचित्रालाच वरचा भाव असतो, कागदाला लोक जरा कमीच लेखतात), आणि त्यात बडोद्याला त्या काळात गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर अशी मंडळी माणसं, गल्ल्या, गोष्टी रंगवत होती. सगळीकडे गोष्ट सांगायची हवा आणि ह्या बाई तिथल्याच फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकवतायत आणि घरी बसून रेघा ओढतायत.

रेघा म्हणजे कशा? एखादा कागद जवळून बघा. आधी वाटतं आडव्या रेघांचा गठ्ठा आहे, वहीसारखा. मग दिसतं की दोन रेघांमधलं अंतर सारखं नाहीये, कुठे दाट होत जातं कुठे सुटतं, पेन्सिलचा दाब बदलतो, एखादी शाईची रेघ मधेच जाड होते आणि एखादी कडेपर्यंत न जाता अलीकडेच संपते. सत्तरच्या सुरुवातीला जाळी आहे, आडवं-उभं, नंतर जाळी मोडते आणि तिरक्या रेघा येतात, पुढे तर कागदभर मोकळी जागा आणि मधे एक-दोन कोन तरंगतायत. हे सगळं हाताने, आणि हात साथ देत नसताना, कारण त्यांना स्नायूंवरचा ताबा सुटत जाणारा आजार होता. पण आजारावर मात म्हणून रेघा, असं जे लिहितात ते मला फार सोपं वाटतं. आजार होता हे खरं, पण त्याआधीपासून त्या फोटो काढत होत्या आणि त्या फोटोंत काय आहे तर समुद्राचं पाणी, वाळू, फत्तेपूर सिक्रीचं दगडी अंगण, मागावरचे ताणलेले धागे. म्हणजे रेघ आधी बाहेर दिसलेली होती, कधी वाळवंटात कधी किनाऱ्यावर. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात लावले नाहीत.

1990 मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या वारल्या, वय 53. बाहेरच्या जगाला कळायला त्यानंतर बराच वेळ लागला, 2005 ला न्यूयॉर्कचं ड्रॉइंग सेंटर, 2007 ला जर्मनीत कासेलचं डॉक्युमेंटा हे मोठं कलाप्रदर्शन, 2013 ला दिल्लीत किरण नाडर म्युझियमचं मोठं प्रदर्शन, मग माद्रिद आणि तिथून मेट. दिल्लीचं ते प्रदर्शन उभं करणाऱ्या रुबीना करोडे बडोद्याला त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. तिकडच्या समीक्षकांनी लगेच अमेरिकेतली चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिन हिच्याशी तुलना केली, दोघी जाळी काढतात म्हणून. असो.

अभ्यासकांची खरी पंचाईत वेगळीच आहे. नसरीनबाईंनी बहुतेक ड्रॉइंग्जना नाव दिलं नाही, तारीख घातली नाही, सहीसुद्धा नाही. त्यामुळे म्युझियमच्या पाटीवर 'शीर्षक नाही, साधारण 1975' असलं काहीतरी लिहावं लागतं आणि कोणता कागद बडोद्याच्या टेबलावरचा आणि कोणता किहीमच्या घरातला हे रेघ बघून ठरवायचं म्हटलं तर अवघडच आहे.