गुडघ्याच्या आतल्या अंगाच्या धमन्या

डिसेंबर १७८५. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात ४५ वर्षांचा एक घोडागाडीवान दाखल होता. गुडघ्यामागच्या खळगीत धमनी फुगून मोठा गोळा झालेला, पाय सुजलेला. अशा रोग्यापुढे तेव्हा दोनच वाटा असत: फुगा उघडून रक्तस्रावाशी झुंजायचं, नाहीतर मांडीतून पाय कापायचा. शल्यविशारद जॉन हंटर यांनी फुग्याला हातच लावला नाही. वर, मांडीच्या आतल्या बाजूला त्यांनी धमनी बांधून टाकली. हमरस्ता बंद झाला तरी पाय जगला आणि काही आठवड्यांत गाडीवान घरी गेला. पंधरा महिन्यांनी तो तापाने वारला, तेव्हा हंटर यांनी तो पाय मिळवून तपासला. धमनी बंदच होती. रक्त आडवाटांनी खाली पोचत होतं. तो नमुना लंडनच्या हंटेरियन म्युझियमच्या संग्रहात जपला आहे आणि मांडीतल्या त्या जागेला आजही हंटर्स कॅनल म्हणतात.

गुडघ्याभोवतीचं जाळं ही त्यातली महत्त्वाची आडवाट. आतल्या अंगाला त्याचे तीन मुख्य धागे. डिसेंडिंग जेनिक्युलर धमनी हंटर्स कॅनलच्या खालच्या टोकाशी निघते; तिची एक फांदी सॅफेनस या मज्जातंतूबरोबर कातडीकडे जाते, दुसरी मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकावर मुळांसारखी पसरते. गुडघ्यामागच्या धमनीतून निघणाऱ्या दोन फांद्यांपैकी एक सांध्याच्या वरून वळसा घेते, दुसरी खालून, आतल्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या आड.

गुडघा बदलताना नेहमीचा छेद वाटीच्या आतल्या कडेने जातो, म्हणजे याच फांद्या तुटतात. बाहेरची बाजूही सैल करावी लागली आणि तिथली वरची धमनी गेली, तर वाटीचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. माझ्या मते बाहेरची ती एक धमनी वाचवण्यासाठी दिलेली चार मिनिटं कधीच वाया जात नाहीत. उलट, झिजेच्या दुखण्यात वाढलेल्या नको त्या बारीक रक्तवाहिन्या कॅथेटरने, म्हणजे धमनीत सरकवलेल्या बारीक नळीने बंद करण्याचा उपाय जपानच्या ओकुनो यांनी २०१५ मध्ये मांडला.

मधल्या काळात शल्यविशारद इथून उसनवारीही करू लागले. १९८१ मध्ये अॅकलंड आणि गोदिना यांच्या गटाने सॅफेनस फांदीवरचा कातडीचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचलून दुसरीकडे लावायचा तुकडा मांडला. १९९१ मध्ये साकाई आणि दोई यांनी हाडाचा पातळ पापुद्रा धमनीसकट उचलून दुसरीकडे लावला. मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडून जुळत नसेल तेव्हा आज हाच भाग कामी येतो. काहींमध्ये डिसेंडिंग जेनिक्युलर नसतेच किंवा फार बारीक असते. मग सांध्याच्या वरून वळसा घेणारी ती फांदी घ्यावी लागते. म्हणून तुकडा सुटा झाला तरी धमनी लगेच तोडत नाहीत. टुर्निके, म्हणजे मांडीवर आवळलेला रक्त रोखणारा पट्टा सोडतात, थांबतात. हाडाच्या कडेवर लाल थेंब फुटू लागले, की मगच कात्री.