कथा-कादंबरीच्या विश्लेषणातल्या संज्ञा

कथा किंवा कादंबरी वाचून झाल्यावर 'छान होती, आवडली' याच्या पुढे काही बोलायचं असेल तर जे शब्द लागतात ते हे: कथानक, पात्र, निवेदक, वातावरण, संघर्ष, प्रतीक, आशयसूत्र वगैरे. नागपुरात मराठी घेऊन एमए करणारी पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री यांच्या व्याख्या पाठ करतात अन् पेपर झाला की विसरतात, कारण व्याख्या मिळते पण ती गोष्टीला लावून कोणी दाखवत नाही. म्हणून इथं एक छोटी बनवलेली गोष्टच घेऊ. मे महिना, पारा 45 च्या वर, नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, त्यात अण्णा एकटे. मुलगा पुण्याहून आलाय, वाडा बिल्डरला द्यायचाय. दुपारभर कूलर अन् पाण्याच्या बादल्या. संध्याकाळी अण्णा सही करतात. संपली गोष्ट.

आता हे एकापुढे एक घडलं, ही झाली नुसती गोष्ट. कथानक म्हणजे घटना कारणाने जोडल्या गेल्या पाहिजेत. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मधे केम्ब्रिजच्या व्याख्यानांत हा फरक राजाराणीवरून सांगितला होता: राजा मेला मग राणी मेली ही गोष्ट, राजा मेला अन् त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. आपल्याकडे 'दुपारी मुलाने न सांगता कूलरची खस (ओलं ठेवायचं गवत) बदलून दिली म्हणून अण्णांनी सही केली' असं म्हटलं की लगेच कथानक तयार. सपाट पात्र अन् गोलाकार पात्र ही जोडीही फॉर्स्टरचीच, सपाट म्हणजे एका वाक्यात आटपणारं, गोलाकार म्हणजे वाचकाला चकित करतं अन् तरी पटतं असं. सपाट म्हणजे वाईट असं मात्र नाही हां, बिल्डरचा माणूस दोन मिनिटांसाठी येतो, त्याला कशाला गोलाई पाहिजे.

सगळ्यात जास्त घोटाळा निवेदकात होतो. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, गोष्ट सांगणारा आवाज. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधे 'मी' म्हणून बोलणारी यमू आहे, लिहिणारे हरिभाऊ, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. आपलीच गोष्ट घ्या. 'अण्णांचा हात थरथरला, त्यांना आईची आठवण आली, तिकडे मुलाच्या डोक्यात ईएमआय होता', इथं निवेदकाला दोघांच्याही मनातलं माहीत आहे, तो सर्वसाक्षी. 'अण्णांचा हात थरथरला, का ते मुलाला कळलं नाही', इथं तो तिसऱ्या पुरुषातच बोलतो पण मुलाला चिकटून आहे. अन् मुलगाच सांगायला बसला तर तो म्हणेल, 'अण्णांनी हसत हसत सही केली.' पण चार ओळी आधी त्यानेच सांगून टाकलंय की पेन दोनदा खाली पडला. हा झाला अविश्वसनीय निवेदक, अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मधे ही संज्ञा रूढ केली. तो खोटारडाच असतो असं काही नाही, बऱ्याचदा स्वतःलाच समजावत असतो बिचारा.

संवादाच्या बाबतीत मात्र पश्चिमेकडे बघायची गरज नाही, आपल्याकडे शब्दशक्ती, म्हणजे शब्दाच्या अर्थ देण्याच्या ताकदी, आहेत: अभिधा म्हणजे सरळ अर्थ, व्यंजना म्हणजे सुचवलेला अर्थ. अण्णा म्हणतात, "पाणी टाक म्हटलं ना तुले, खस पूर्ण सुकली." अभिधेने बघितलं तर कूलरचं काम, व्यंजनेने बघितलं तर घराचं काय झालं ते. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनी म्हणून जे मांडलं ते हेच.

वातावरण म्हणजे नुसतं वेळ अन् ठिकाण नाही. हाच प्रसंग डिसेंबरात ठेवला तर बादल्याच गेल्या, गोष्टच गेली. उत्कर्षबिंदू, म्हणजे ताण सगळ्यात वर पोचतो ती जागा, अन् त्याच्या आधीची चढण, नंतरची उतरण हे जर्मन लेखक फ्रायटागने 1863 मधे नाटकाच्या पाच अंकांसाठी मांडलं होतं, ते तीन पानांच्या कथेवर लादू नये.

प्रतीक समजायला नागपूरकराला पुस्तक नको, मारबत पुरे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या बायकांचे पुतळे, मिरवणुकीने निघते, लोक ओरडतात की इडा पिडा घेऊन जा. ती प्रतीक आहे, तिच्यात रोगराई, दुष्टपणा, जुना इतिहास असं बरंच काही मावतं अन् दरवर्षी ज्याला जे टाकायचं ते तो टाकतो. सोबतचे बडगे, म्हणजे त्या त्या वेळच्या त्रासांचे पुतळे, वेगळे. महागाईचा बडगा म्हणजे महागाईच, वर पाटीही लावलेली असते. कथेत प्रतीकाचा बडगा करू नये असं मला वाटतं, नवीन लेखक हमखास पाटी लावतात.

आशयसूत्र विचारलं तर 'म्हातारपण' असा एक शब्द लिहून मोकळं होऊ नका, तो विषय झाला. म्हातारपणाबद्दल गोष्ट काय म्हणते ते सूत्र.

राहिला नाट्यगत उपरोध, म्हणजे वाचकाला माहीत अन् पात्राला नाही. गोष्टीत एवढाच बदल करा: अण्णांनी सकाळीच सही करून कागद देवघरात ठेवलाय, आपण बघितलंय, मुलाला पत्ता नाही. आता तोच मुलगा दुपारभर खस बदलतो, पन्हं करून देतो, पाय दाबून देऊ का म्हणून विचारतो, अन् अण्णा एकेका गोष्टीला हो म्हणत जातात.