‘ब्लड कॅन्सर म्हणजे काही महिन्यांचा सोबती’: खुलासा

रक्ताचा कॅन्सर हा एकच आजार नाही. तो झाला की माणूस काही महिन्यांचाच सोबती, असं सिनेमांनी मनावर बिंबवलं खरं, पण त्यातल्या सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा हळूहळू वाढणारा कॅन्सर) या प्रकाराची गोष्ट 2001 मध्येच पालटली. त्या वर्षी अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मंजुरी मिळाली. पेशींना बेसुमार वाढायला लावणारं एक सदोष प्रथिन ती रोखते. ही गोळी घेणाऱ्यांच्या मुख्य चाचणीत दहा वर्षांनंतर सुमारे 83 टक्के रुग्ण हयात होते.

नोकरी सोडावीच लागते, हेही खरं नाही. गोळी घरीच, रोज जेवणासोबत घ्यायची. थकवा, पायात गोळे, डोळ्यांभोवती सूज हे त्रास होतात. थकव्याला तर ऑफिसात कोणी आजार मानतच नाही! तरी अनेक जण कामावर जातात. भारतात स्वस्त जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनवलेल्या, गोळ्या मिळतात. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे इतर कंपन्यांना ते बनवण्याची मुभा राहिली.

खरा धोका वेगळाच आहे. बरं वाटलं म्हणून परस्पर गोळी बंद केली, तर आजार उलटू शकतो. काहींना ती थांबवता येते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्ततपासणी करूनच.