सस्पेंडनंतर लॅपटॉप जागा न होणे (लिनक्स)

झाकण मिटून झोपवलेला (सस्पेंड केलेला) लॅपटॉप झाकण उघडल्यावर पूर्ववत कामाला न लागणे, या दोषाला लिनक्सच्या वापरात ‘रिझ्यूम फेल होणे’ असे म्हणतात. पडदा काळाच राहतो, पंखा फिरत असतो, आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून मार्ग उरत नाही. जतन न केलेले काम अर्थातच जाते. यंत्र झोपी जातानाच अडकलेले असू शकते, उठताना अडकलेले असू शकते किंवा पुरते उठलेले असून केवळ पडदाच उजळलेला नसतो. रात्रभरात बॅटरी संपून बंद पडलेले यंत्रही ‘उठत नाही’, म्हणून आधी चार्जर जोडून पाहावा.

झोपेचे मुख्य प्रकार दोन आहेत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातील ‘एस-३’ अवस्थेत मुख्यतः रॅमला वीज मिळत राहते, प्रोसेसर बंद होतो आणि जागे करण्याची सुरुवात फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर, करते. ‘एस२आयडल’ या प्रकारात सगळी सूत्रे कर्नलकडेच (लिनक्सच्या गाभ्याकडेच) राहतात आणि प्रोसेसर केवळ खोल विश्रांती घेतो. सिसएफएस या कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या ‘पॉवर’ डिरेक्टरीतील ‘मेम_स्लीप’ ही फाइल वाचली की ‘एस२आयडल [डीप]’ अशी ओळ दिसते. चौकटी कंसातील प्रकार चालू असतो आणि ‘डीप’ म्हणजे बहुतेक लॅपटॉपवर एस-३. अनेक नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये एस-३ नसतेच. तेथे ‘डीप’ हा शब्दच उमटत नाही आणि बूट पॅरामीटर (यंत्र सुरू होताना कर्नलला दिलेली सूचना) देऊन तो आणता येत नाही.

पहिली चाचणी कॅप्स लॉकची. काळ्या पडद्यासमोर ती कळ दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल, किंवा दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे एसएसएचने आत शिरता येत असेल, तर कर्नल जिवंत आहे आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरबाबत झोपेपूर्वी व्हिडिओ मेमरी जतन करण्याचा पर्याय आणि त्यासाठीच्या सस्पेंड व रिझ्यूम या सिस्टमडी (लिनक्समधील सेवा चालवणारी प्रणाली) सेवा चालू आहेत का, हे पाहावे लागते.

दिवा हलत नसेल तर जबरदस्तीने रीस्टार्ट करून ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ या आज्ञेने मागील बूटची कर्नल नोंद वाचली जाते. तीत ‘सस्पेंड एंट्री’ सापडते, पण ‘सस्पेंड एक्झिट’ नसते. येथे पुष्कळजण फसतात. डिस्क झोपल्यानंतर जर्नलला (नोंदवहीला) काहीच लिहिता येत नसल्याने, नोंदीतली शेवटची ओळ हीच बिघाडाची जागा असे मानता येत नाही.

बिघाडाची जागा शोधण्याचे खरे साधन म्हणजे त्याच ‘पॉवर’ डिरेक्टरीतील ‘पीएम_टेस्ट’ ही फाइल. या फाइलीत ‘डिव्हाइसेस’ असे लिहून सस्पेंडची आज्ञा दिली की ड्रायव्हर खरोखर झोपवले जातात, पण यंत्र पाच सेकंद थांबून आपोआप परत येते. ‘फ्रीझर’ या पहिल्या पायरीपासून ‘कोअर’ या शेवटच्या पायरीपर्यंत एकेक पायरी चढत गेल्यास कोठे अडते ते कळते. ‘डिव्हाइसेस’वर अडले तर वायफाय, ब्लूटूथ यांसारखी ड्रायव्हर मॉड्यूल एकेक काढून चाचणी पुन्हा करावी, ‘कोअर’ही पार पडूनही खरी झोप फसत असेल, तर बायॉस (म्हणजेच फर्मवेअर) अद्ययावत करणे हा पहिला उपाय ठरतो.

‘पीएम_ट्रेस’ची युक्ती त्याहून गमतीची आहे. वीज तोडल्यावर रॅममधील सारे पुसले जाते, मात्र घड्याळाची चिप चालू राहते. म्हणून कर्नल उठता उठता आपल्या प्रगतीची खूण एका आकड्याच्या रूपात त्या घड्याळातच लिहून ठेवतो. अडकल्यावर सुमारे तीन मिनिटांच्या आत रीस्टार्ट केल्यास ‘डीमेसेज’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेच्या उत्तरात ‘हॅश मॅचेस’ या शब्दांपुढे संशयित उपकरण दिसते. तारीख मात्र भलतीच होते आणि ती नंतर दुरुस्त करावी लागते.

‘आरटीसीवेक -एम मेम -एस ३०’ ही आज्ञा यंत्राला झोपवून तीस सेकंदांनी गजर लावून उठवते. गजराने उठणारे यंत्र झाकणाने उठत नसेल, तर रिझ्यूममध्ये दोष नाही. झाकणाला जागे करण्याची परवानगी नाही, आणि ती ‘प्रॉक’ डिरेक्टरीमधील ‘एसीपीआय/वेकअप’ या फाइलीत तपासता येते. कर्नल अद्ययावत केल्यानंतरच दोष उद्भवला असेल, तर बूट मेनूतून जुना कर्नल निवडून तीच चाचणी करावी. जुन्यावर यंत्र बिनतक्रार उठले, तर मधल्या बदलांपैकी नेमका कोणता कारणीभूत आहे हे बदलांची यादी दर वेळी अर्धी करत तपासणाऱ्या ‘गिट बायसेक्ट’ या आज्ञेने शोधता येते.