इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्य नव्हे

पाऊस ओसरायला लागला की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचे फोटो फिरू लागतात. दरी धुक्याने काठोकाठ भरलेली, धुक्यावर माणसाची सावली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं. खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘गोल इंद्रधनुष्य’. फोटो सुंदर असतात, पण ती ओळ चूक आहे, हे इंद्रवज्र आहे, आणि त्या चुकीमुळे या दृश्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट झाकली जाते.

इंद्रवज्राची आपल्याकडची प्रसिद्ध नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याची. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. कोकणातून वर चढून आलेल्या धुक्यावर आपली, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली आणि तिच्याभोवती पूर्ण रंगीत वर्तुळ दिसल्याचं त्याने त्यात लिहिलं आहे.

आता फरक पाहू. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांमुळे तयार होतं आणि डोळ्याशी होणाऱ्या कोनात मोजली तर त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. म्हणजे अख्खं वर्तुळ ८४ अंशांचं, मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात न मावणारं. इंद्रवज्राचा व्यास मात्र साधारण ५ ते २० अंश. हात लांब करून वीत पसरली की तिच्या आड सगळं कडं झाकलं जातं. शिवाय इथले थेंब पावसाचे नसून धुक्याचे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात.

शाळेत शिकलेलं अपवर्तन आणि परावर्तन इंद्रधनुष्याला पुरतं. इंद्रवज्रापाशी ते अडतं. इथे प्रकाश आला त्याच दिशेने, जवळजवळ १८० अंशांत मागे फिरायला हवा. थेंबाच्या अगदी कडेला घासून आत शिरलेला किरण घ्या. तो आत वळतो, मागच्या भिंतीवर एकदा आपटतो आणि बाहेर पडतो. पाण्याचा अपवर्तनांक (पाणी प्रकाश किती वळवतं त्याचा आकडा) १.३३३ धरून हिशेब केला तर हा किरण सुमारे १६६ अंशच वळतो. १४ अंश कमी पडतात! मग कडं दिसतं कसं?

गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये गोल कणावरून प्रकाश कसा विखुरतो याचं अचूक गणित मांडलं. त्या गणितातून इंद्रवज्राचे रंग बरोबर निघतात, पण प्रकाश नक्की काय करतो ते कळत नाही. १९४७ मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ व्हान दे हुल्स्टने सुचवलं की कडेला लागलेला प्रकाश थेंबाच्या पृष्ठभागाला चिकटून थोडं अंतर सरपटत जातो आणि उरलेले १४ अंश तिथे भरून काढतो. पुढे ब्राझीलच्या नुसेनझ्वाइगने दाखवलं की थेंबाला न शिवता अगदी जवळून जाणारा प्रकाशही आत झिरपतो. भूमितीने पाहिलं तर तो किरण चुकलेला असतो, पण प्रकाश तरंग असल्यामुळे त्याला ती फट ओलांडता येते. अणूतले कण अशीच भिंत पार करतात, त्याला टनेलिंग म्हणतात. थेंबाच्या सगळ्या काठावरून परतलेले हे तरंग एकमेकांत मिसळतात. जिथे जुळतात तिथे उजेड, जिथे विरोधात जातात तिथे अंधार. प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी, म्हणून प्रत्येकाचं कडं वेगळ्या मापाचं: तांबडं बाहेर, निळं आत.

थेंब जितके बारीक तितकं कडं मोठं. थेंब एकसारखे असतील तर रंग स्वच्छ आणि एकाबाहेर एक दोन-तीन कडी. वाऱ्याने लहानमोठे थेंब मिसळले की सगळे रंग एकमेकांवर चढून पांढुरके होतात. हे दृश्य घटकाभर टिकून विरतं त्याचं एक मोठं कारण हेच.

कडं प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. ‘पुण्यवानालाच दर्शन होतं’ अशा गोष्टी यातूनच जन्मतात. तिवईवर नुसता कॅमेरा ठेवून सगळे बाजूला झाले तरी कडं उमटेल, कॅमेऱ्याच्या भिंगाच्या सावलीभोवती. म्हणून शेजारच्या मित्राची सावली मध्यभागी आणायचा हट्ट धरू नका. कॅमेरा तुमच्या हातात आहे तोवर केंद्र तुमच्याकडेच राहणार.

क्षण क्षणिक असला तरी त्याची जागा आधी सांगता येते. सूर्य पाठीमागे, धुकं समोर किंवा खाली. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा वेळ सकाळची. सूर्य क्षितिजाच्या जितके अंश वर, तितकेच अंश खाली तुमची सावली. कडा आत वळलेला असल्याने सूर्य बराच वर आल्यावरही खोल दरीत पाहता येतं. मात्र त्या वाऱ्यात काठावर उभं राहू नका, आडवं पडूनच पाहा. पांढरं धुकं कॅमेऱ्याला फसवतं, त्यामुळे एक्स्पोजर थोडं कमी-जास्त करून चार-पाच फोटो घ्या.

आणि रंग भडक करायचा मोह टाळा, कारण या फोटोतून मोजमाप निघतं. रंगीत कड्याची त्रिज्या अंशांत कळली की थेंबांचा आकार काढता येतो. २०११ मध्ये व्हीनस एक्स्प्रेस यानाने शुक्राच्या ढगांवर हेच कडं टिपलं आणि त्यावरून तिथल्या कणांची त्रिज्या सुमारे १.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघाली. कोकणकड्यावरच्या धुक्याचंही असं मोजमाप तुमच्या फोटोतून होऊ शकतं. त्यासाठी मूळ फाइल न कापता जपा आणि तिच्यासोबत लेन्सची फोकल लेंग्थ, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.