मारबत (नागपूर)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात वाजतगाजत मिरवून जाळली जाणारी राक्षसिणीची प्रचंड प्रतिमा. तिच्यासोबत निघणाऱ्या पुरुषरूपी पुतळ्यांना बडग्या म्हणतात. मिरवणुकीचा मुख्य भर जुन्या नागपुरात, इतवारी-महाल परिसरात असतो आणि ती पाहायला विदर्भाच्या गावोगावचे लोक येतात.

मारबत म्हणजे पूतना, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विषारी स्तनपान करवून कृष्णाला मारायला आलेली पूतना स्वतःच मेली. तिचा अवाढव्य देह गोकुळच्या लोकांनी कुऱ्हाडीने तोडून दूर नेऊन जाळला, असे भागवताच्या दशम स्कंधात वर्णन आहे. नागपूरकरांनी या कथेतला कृष्ण जवळपास वगळला आणि शेवटचे काम, म्हणजे धूड गावाबाहेर नेऊन जाळणे, तेवढे उचलले. दसऱ्याच्या रावणापुढे बाण घेतलेला राम लागतो. मारबतीला मारणारा कोणी वीर नाही. तिच्याशी कोणी लढत नाही, तिला काम सांगितले जाते. ‘इडा-पिडा घेऊन जा गे मारबत’, ‘खासी-खोकला घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्या नीट ऐकल्या तर त्यांत शिवीपेक्षा हुकूम जास्त आहे. जाताना घरातली रोगराईही घेऊन जा, असा.

मुख्य मारबती दोन. काळीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळीची १८८५ पासून सांगितली जाते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारी भागातील तऱ्हाणे तेली समाजाची. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर कागद आणि रंग, अशी ही घडण असते. पिवळीचा थाट राक्षसिणीपेक्षा देवीचा: बायका तिची ओटी भरतात, नवस बोलतात, लेकराला तिच्यापुढे नेतात, आणि ज्या हातांनी नारळ वाहिला तेच हात जोडून तिला जाळायला निरोप देतात. बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसते, पण गणपती बसवून बुडवणाऱ्यांना ती दिसू नये. काळीच्या वाट्याला मात्र सगळा राग येतो. दोघी नेहरू पुतळ्याच्या परिसरात समोरासमोर येतात तेव्हा गर्दीचा कल्लोळ शिगेला पोचतो.

काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई भोसले, अशी लोककथा शहरात पक्की रुजलेली आहे. दुसऱ्या रघुजींची ही पत्नी राजकारणात मुरलेली होती. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केल्यावरही, १८५७ च्या उठावात तिने इंग्रजांचीच बाजू धरली, हे इतिहासात नोंदलेले आहे. पण ती १८५८ साली वारली, आणि काळी मारबत त्यानंतर तेवीस वर्षांनी निघू लागली. त्यामुळे बाकाबाईवरच्या संतापातून ही प्रथा जन्मली असे म्हणण्यापेक्षा, आधीपासून चालत आलेल्या राक्षसिणीला लोकांनी तिचा चेहरा दिला, हे अधिक संभवते. पूर्व विदर्भाच्या खेड्यांत पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत ते शिवेबाहेर टाकतात. तिथे बाकाबाई कोणाला ठाऊकही नसते.

बडग्यांचे तसे नाही. त्यांचा चेहरा दरवर्षी नवा. महागाई, भ्रष्टाचार, हुंडा, दहशतवाद, खड्डे, कोणी पुढारी, सगळे त्यात येते. गळ्यात पाटी, पाटीवर चार ओळींचा टोमणा. हे बहुधा गल्लीतल्या पोरांचे आणि मंडळांचे काम असल्याने कारागिरी बेताची असते, भाषा मात्र झोंबणारी. टोमणा जेवढा ताजा तेवढी हशा-टाळ्यांची वसुली जास्त. एरवी ज्यांच्यासमोर तोंड उघडता येत नाही त्यांना या दिवशी भर रस्त्यात नाव घेऊन हिणवता येते, हेच बडग्याचे खरे आकर्षण. पुतळ्यावरून पोलिसांना मध्ये पडावे लागण्याची वेळही येते.

पिवळी मारबत नाईक तलावाच्या बाजूला नेऊन जाळतात. २०२० साली करोनाच्या निर्बंधांमुळे नेहमीची मिरवणूक निघू शकली नाही. रोगराई घेऊन जाणारीलाच रोगराईने अडवले, यावर शहरात कोट्या झाल्या नसत्या तरच नवल. मारबतीच्याच दिवशी तान्हा पोळाही असतो. सकाळी मारबतीमागे घसा फोडून ओरडलेली पोरे दुपारनंतर सजवलेला लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिशी, मागत फिरतात.